मोठी चाके, रुंद टायर : बसवण्यापूर्वी करावयाचे हिशेब

आमच्या वाचकांमध्ये टायरचे दुकानदार, पंक्चर काढणारे, अलाइनमेंटचे मशीन लावून बसलेले कारागीर, गॅरेजवाले आणि गाड्यांच्या सामानाचे व्यापारी पुष्कळ आहेत. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड किंवा ऑपेरा हाउसचा परिसर, पुण्यात नाना पेठ. कुठेही गेलो तरी एक मागणी हमखास ऐकू येते. नवी गाडी घेतलेला तरुण दुकानात येतो आणि म्हणतो, "ही चौदाची चाके काढा, सतराची मॅगव्हील लावा. गाडी भरलेली दिसली पाहिजे."

दुकानदाराची अडचण आम्ही समजू शकतो. गिऱ्हाईक चार दुकाने फिरून आलेले असते. आपण नाही म्हटले तर शेजारचा बसवून देईल, अशी धास्ती असते. मग चाके बसतात, गाडी देखणी दिसते, पैसेही मिळतात. पण महिन्याभराने तीच गाडी पाच माणसे आणि डिकीभर सामान घेऊन गावाला निघाली की मागचा टायर मडगार्डला घासू लागतो, पहिल्याच मोठ्या खड्ड्यात रिम वाकते, ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरते. गिऱ्हाईक परत येते ते भांडायला. याहून वाईट म्हणजे भर रस्त्यात टायर फुटला तर ज्यांचा या हौसेशी काही संबंध नव्हता अशा बायका-मुलांच्या जिवावर बेतते.

हे टाळण्याची विद्या अवघड नाही. कागद, पेन्सिल आणि मोजपट्टी एवढ्यावर काम भागते. सगळ्याचे सार एका वाक्यात सांगायचे तर रिम मोठी करता येते, पण टायरसकट पूर्ण चाकाची उंची होती तेवढीच राहिली पाहिजे आणि टायरची वजन पेलण्याची ताकद पूर्वीपेक्षा कमी होता कामा नये. या दोन अटी कशा तपासाव्यात आणि त्यांच्या जोडीला आणखी काय पाहावे, ते येथे क्रमाने देत आहोत. उदाहरणासाठी गल्लोगल्ली दिसणारी मारुती स्विफ्ट घेतली आहे.

टायरवरील आकडे

स्विफ्टच्या स्वस्त मॉडेलला कंपनी १६५/८० आर १४ मापाचा टायर देते, तर महाग मॉडेलला १८५/६५ आर १५. यातील पहिला आकडा म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा म्हणजे साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची. पण ती मिलिमीटरमध्ये नसून रुंदीच्या टक्क्यांत असते. येथेच पुष्कळांची गल्लत होते. ६५ म्हणजे ६५ मिमी नव्हे, तर १८५ चे ६५ टक्के, म्हणजे सुमारे १२० मिमी. 'आर' म्हणजे रेडियल आणि शेवटचा आकडा रिमचा व्यास, इंचांत.

यापुढे ८८ एच असे काही छापलेले असते. त्यातील आकडा वजनाचा आणि अक्षर वेगाचे. टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंत, एच म्हणजे २१० पर्यंत, व्ही म्हणजे २४० पर्यंत. मूळ टायरपेक्षा खालचे अक्षर घेऊ नये.

पहिला हिशेब : उंचीचा

साइडवॉलची उंची दोनदा घ्यावी, कारण ती रिमच्या वर आणि खाली अशी दोन्हीकडे असते. त्यात रिमचा व्यास मिळवावा. एक इंच म्हणजे २५.४ मिमी. स्विफ्टच्या मूळ चौदाच्या चाकाचा हिशेब असा : १६५ चे ८० टक्के १३२, दुप्पट २६४, चौदा इंच म्हणजे ३५५.६, बेरीज ६१९.६ मिमी. याच रीतीने इतर मापे काढली तर पुढील आकडे येतात.

१६५/८० आर १४ : साइडवॉल १३२ मिमी, पूर्ण उंची ६१९.६ मिमी
१८५/६५ आर १५ : साइडवॉल १२० मिमी, पूर्ण उंची ६२१.५ मिमी
१९५/५५ आर १६ : साइडवॉल १०७ मिमी, पूर्ण उंची ६२०.९ मिमी
२०५/४५ आर १७ : साइडवॉल ९२ मिमी, पूर्ण उंची ६१६.३ मिमी

रिम तीन इंचांनी वाढली, पण पूर्ण चाकाच्या उंचीत चार मिमीचाही फरक पडला नाही. रिम एक इंच वाढली की साइडवॉल तेवढ्याच हिशेबाने बुटकी करायची, हेच या कामाचे तंत्र आहे.

आता चुकीचे उदाहरण पाहा. गाडी "उंच दिसावी" म्हणून कुणी १५ च्या रिमवर २०५/६५ चा टायर चढवला, तर उंची ६४७.५ मिमी होते, म्हणजे मूळ चौदाच्या चाकापेक्षा साडेचार टक्के जास्त. त्याचे परिणाम असे : स्पीडोमीटरचा काटा ८० वर असेल तेव्हा खरा वेग काटा दाखवतो त्याहून साडेचार टक्के अधिक असतो. गाडी हजार किलोमीटर धावली तर मीटर ९५७ च्या आसपास मोजतो. म्हणून "मायलेज पडले" अशी जी तक्रार येते त्यात थोडा भाग मीटरच्या या फरकाचाही असतो. एका फेऱ्यात चाक जास्त अंतर कापते, त्यामुळे घाटात ओढ कमी पडते आणि ब्रेकला जास्त जोर लागतो. शिवाय पूर्ण वळणात टायर आतल्या प्लास्टिकला घासतो, तो प्रकार वेगळाच.

मूळ उंचीपासून दोन टक्क्यांच्या आत राहावे आणि तीन टक्के कधीच ओलांडू नयेत, असा या धंद्यातील जुना दंडक आहे. चारही चाकांची उंची सारखी ठेवणेही तितकेच गरजेचे. पुढे एक आणि मागे दुसरी उंची ठेवली तर एबीएससारखी यंत्रणा चाकांच्या फेऱ्यांवरून गोंधळू शकते.

दुसरा हिशेब : वजनाचा

आमच्या मते सर्वांत जास्त दुर्लक्ष याकडे होते. टायरवरील वजनाचा आकडा म्हणजे किलो नव्हेत. तो एका ठरलेल्या तक्त्यातील क्रमांक आहे. नेहमी लागणारे काही क्रमांक दुकानात भिंतीवर लिहून ठेवावेत : ८२ म्हणजे ४७५ किलो, ८४ म्हणजे ५००, ८५ म्हणजे ५१५, ८७ म्हणजे ५४५, ८८ म्हणजे ५६० आणि ९१ म्हणजे ६१५ किलो. हे वजन एका टायरचे.

१६५/८० आर १४ हा टायर साधारणपणे ८५ क्रमांकाचा येतो, म्हणजे तो ५१५ किलो पेलतो. १८५/६५ आर १५ ८८ क्रमांकाचा, म्हणजे ५६० किलोंचा. १९५/५५ आर १६ ८७ चा, म्हणजे ५४५ किलोंचा. पण २०५/४५ आर १७ हा टायर साध्या बांधणीत ८४ क्रमांकाचा असतो, म्हणजे फक्त ५०० किलो. गिऱ्हाईक जास्त पैसे देऊन, जास्त रुंद आणि जास्त रुबाबदार टायर घेते आणि मूळ चौदाच्या टायरपेक्षा १५ किलो कमी ताकदीचा माल घरी नेते! बघणाऱ्याला हे दिसत नाही. वाचणाऱ्याला मात्र टायरवरच लिहिलेले सापडते.

याच मापात जादा ताकदीची बांधणीही मिळते. तिच्यावर एक्सएल किंवा 'एक्स्ट्रा लोड' असे छापलेले असते आणि क्रमांक ८८ असतो. सतराची चाके द्यायचीच असतील तर हीच बांधणी द्यावी. मात्र ती आपली पूर्ण ताकद जास्त हवेवरच दाखवते. गाडीचे वजन खरे तर आतली हवा पेलते, रबर नव्हे. म्हणून दाराच्या चौकटीवर कंपनीने दिलेल्या दाबापेक्षा हवा कमी ठेवू नये, आणि नव्या मापाला किती हवा लागते ते टायर कंपनीच्या तक्त्यावरून पाहून गिऱ्हाइकाला लिहून द्यावे.

"चार टायर मिळून दोन हजार किलो पेलतात, गाडी तर तेवढी नाही," असे काही जण म्हणतात. पण वजन चारही चाकांवर सारखे वाटले जात नाही. आपले व्यापारी बांधव याच गाडीत कापडाचे गठ्ठे, सुटे भाग, फळांच्या पेट्या घालून फिरतात. मागच्या सीटवर तीन माणसे आणि डिकीत माल असला की मागच्या दोन टायरांवर ताण येतो, आणि कमी हवेचा, तापलेला टायर तिथेच दगा देतो. मालवाहू टेम्पोला तर कारचे टायर कधीच चढवू नयेत. त्यांच्या टायरवर एलटी आणि ८ पीआर असे जे छापलेले असते ते त्या वजनासाठीच.

तिसरा हिशेब : रिमची रुंदी आणि ईटी

रिमच्या आतल्या बाजूला ७ जे x १७ ईटी ३५ असे लिहिलेले असते. सात म्हणजे रिमची रुंदी इंचांत. जे हे तिच्या कडेच्या आकाराचे अक्षर. प्रत्येक टायरला ठरावीक रुंदीच्याच रिम चालतात. १८५/६५ आर १५ ला ५ ते ६.५ इंच, १९५/५५ आर १६ ला ५.५ ते ७ इंच, २०५/४५ आर १७ ला ६.५ ते ७.५ इंच. अरुंद टायर ताणून रुंद रिमवर बसवण्याची जी फॅशन आली आहे, तीत टायरची कड रिमवर नीट धरत नाही आणि खड्ड्याचा मार थेट रिमला बसतो.

ईटी म्हणजे रिमची मधली रेषा आणि हबवर टेकणारी बाजू यांतील अंतर, मिमीमध्ये. ईटी कमी झाला की चाक बाहेर सरकते. समजा, मूळ रिम ५.५ इंच रुंद आणि ईटी ४५ आहे, आणि नवी रिम ७ इंच रुंद व ईटी ३५ आहे. रुंदी दीड इंचाने, म्हणजे ३८ मिमीने वाढली. त्यातील निम्मी, १९ मिमी, दोन्ही बाजूंना. त्यात ईटीच्या फरकाचे १० मिमी बाहेरच्या बाजूला मिळवा आणि आतल्या बाजूतून वजा करा. म्हणजे चाक बाहेर २९ मिमी सरकले आणि आत फक्त ९ मिमी. हे २९ मिमी मडगार्डच्या आत मावतात का, ते रिकाम्या गाडीवर पाहून कळत नाही. मागे दोन माणसे बसवावीत, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवावे आणि मगच मोजावे. चाक जितके बाहेर जाईल तितका बेअरिंगवरील भार वाढतो आणि खड्ड्यात स्टिअरिंग हाताला ओढ देते. मध्ये स्पेसर घालून हेच दुखणे विकत घेऊ नये.

चौथा हिशेब : नटांचे वर्तुळ आणि मधले भोक

स्विफ्टच्या हबवर चार बोल्ट १०० मिमीच्या वर्तुळात असतात. याला बाजारात 'चार शंभर' पीसीडी म्हणतात. फियाट पुंटोचे वर्तुळ ९८ मिमीचे होते. फरक केवळ दोन मिमीचा, त्यामुळे एकाची रिम दुसऱ्यावर जोर लावून बसवता येते; पण नट तिरके बसतात आणि धावताना सैल होतात. भोके खरडून रुंद करणे हा तर गुन्हाच समजावा. वर्तुळ जुळत नसेल तर ती रिम त्या गाडीची नाही, एवढेच त्याचे उत्तर.

स्विफ्टच्या हबला लागणारे मधले भोक ५४.१ मिमीचे. बाजारात मिळणाऱ्या रिमचे भोक बहुधा त्याहून मोठे असते, अनेकदा ७३.१ मिमी, कारण तीच रिम अनेक गाड्यांना विकायची असते. मधल्या फटीत योग्य मापाची रिंग घालावी लागते. बॅलन्सिंग तीनदा करूनही स्टिअरिंग थरथरत असेल तर ही रिंग घातली होती का, ते आधी पाहावे. काही रुपयांच्या रिंगसाठी कित्येक गिऱ्हाइके तुटतात.

नटांची बैठक शंकूसारखी आहे की गोल, ते रिमच्या भोकाशी जुळवून पाहावे. १२ मिमीच्या बोल्टवर नट किमान तेवढाच आत गेला पाहिजे. हवेच्या गनने वाटेल तसे आवळू नये. गाडीच्या पुस्तकात दिलेला जोर टॉर्क पान्याने द्यावा, आणि ५० ते १०० किलोमीटर धावल्यावर गाडी पुन्हा बोलावून नट तपासावेत. स्टेपनी जुन्या लोखंडी रिमची राहणार असेल तर तिचे जुने नट डिकीत ठेवून द्यावेत. पूर्ण उंची सारखी राखली असेल तर ती स्टेपनी वेळेला उपयोगी पडते, हा पहिल्या हिशेबाचा आणखी एक फायदा.

पाचवा हिशेब : रस्त्याचा

गाडी कुठे धावणार आहे, हे गिऱ्हाइकाला विचारलेच पाहिजे. चौदाच्या चाकाची साइडवॉल १३२ मिमी आणि सतराच्या चाकाची ९२ मिमी. म्हणजे खड्डा आणि रिम यांच्यामधली गादी ४० मिमीने कमी झाली. पावसाळ्यात घोडबंदर रोडवर किंवा मुंबई-गोवा महामार्गावर रोज जाणाऱ्याला हे ४० मिमी फार महाग पडतात. साइडवॉलवर फुगा आला की तो टायर बाद. त्याला दुरुस्ती नाही. अलॉय रिमला तडा गेला तर वेल्डिंग करून ती पुन्हा गाडीला लावू नये.

रुंद टायर कोरड्या रस्त्यावर वळणात चांगली पकड देतो, हे खरे. पण साचलेल्या पाण्यावर तोच टायर अरुंद टायरपेक्षा लवकर तरंगू लागतो. नक्षी झिजलेली असेल तर धोका दुप्पट. नियमाप्रमाणे कारच्या टायरची नक्षी किमान १.६ मिमी खोल असली पाहिजे. नक्षीच्या खाचांत तेवढ्या उंचीचे छोटे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीला आले की टायर बदलावा.

वजनाचाही विचार करावा. मॅगव्हील हलकेच असते, हा समज सर्वस्वी खरा नाही. सतराची रिम आणि रुंद टायर मिळून चौदाच्या लोखंडी चाकापेक्षा जड भरू शकतात. काट्यावर ठेवून गिऱ्हाइकाला दाखवावे. चाक जड झाले की गाडी उचल घेताना आळसावते, पेट्रोल जास्त लागते आणि शॉकअपवर मार वाढतो.

कायदा, विमा आणि बिल

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलाहून गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे कलम काटेकोरपणे लावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ मध्ये परवानगी नसलेल्या बदलासाठी गाडीच्या मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. म्हणून सर्वांत निर्धोक वाट अशी की, त्याच मॉडेलला कंपनीने दिलेल्या मापात राहावे. चौदाच्या स्विफ्टला १८५/६५ आर १५ हे कंपनीचेच माप आहे. इनोव्हा क्रिस्टाला २०५/६५ आर १६ आणि २१५/५५ आर १७ ही दोन्ही मापे कंपनीने दिलेली आहेत. एक इंचाची हौस अशी सरळ मार्गाने भागते.

नवी चाके बसवल्याचे विमा कंपनीला लेखी कळवण्यास गिऱ्हाइकाला सांगावे. कंपनीने न बसवलेल्या सामानाची पॉलिसीत नोंद नसेल तर भरपाईच्या वेळी वाद उभा राहतो.

दुकानदाराची जबाबदारीही आता वाढली आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सदोष मालामुळे झालेल्या नुकसानीसाठी केवळ कारखानदारावर नव्हे, तर विक्रेता आणि सेवा देणारा यांच्यावरही दावा करता येतो. अशा वेळी कच्च्या चिठ्ठीचा काही उपयोग नाही. पक्क्या बिलावर टायरचे पूर्ण माप, वजनाचा क्रमांक, रिमची रुंदी व ईटी, भरलेली हवा आणि आवळलेला टॉर्क लिहावा. नव्या टायरवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. तेव्हा "बिल घेतले तर महाग पडेल" या सबबीतला दमही बराच कमी झाला आहे.

जुना माल विकणाऱ्यांसाठी

वापरलेले टायर आणि रिम विकणे हा अनेक बांधवांच्या पोटापाण्याचा धंदा आहे आणि तो प्रामाणिकपणे करता येतो. टायरवर चार आकड्यांचा शिक्का असतो; २३२५ म्हणजे २०२५ सालातील तेविसावा आठवडा. तो गिऱ्हाइकाला आपणहून दाखवावा. आतून ठिगळ लावलेला, साइडवॉल कापलेला किंवा काळ्या पॉलिशखाली बारीक चिरा लपवलेला टायर विकू नये. रिम मशीनवर फिरवून दाखवावी. तिची दुरुस्ती झाली असेल तर किंमत ठरवण्याआधी सांगावे. नव्या टायरवर आयएसआयची खूण पाहूनच माल भरावा.

गिऱ्हाइकाला काय सांगावे?

हौस मोडावी असे आमचे म्हणणे नाही. गाडी सजवण्याच्या हौसेवर आपली शेकडो घरे चालतात. पण सतराचा हट्ट धरून आलेल्या गिऱ्हाइकासमोर कागद घेऊन वरचे पाच हिशेब मांडले, तर ते पंधरावर किंवा फार तर सोळावर राजी होण्याची शक्यता बरीच असते. वर केलेल्या दोन बेरजा आणि वजनाचे दोन क्रमांक समोर ठेवले की ५०० किलो आणि ५६० किलो यांतील फरक त्याला स्वतःलाच दिसतो. त्याला फायदा कमी दिसला तरी चालेल, पण त्याने सुखरूप घरी जावे आणि पुढच्या टायरसाठी पुन्हा आपल्याच दुकानात यावे.

जो कारागीर "हे माप या गाडीला चालणार नाही" असे कारणासह सांगतो, त्याच्याकडून एखादा सौदा जातो. पण तेच गिऱ्हाईक आपल्या भावाला आणि शेजाऱ्याला त्याचाच पत्ता देते. आमच्या टायरवाल्या बांधवांनी वजनाचा तक्ता आणि उंचीचा हिशेब आजच भिंतीवर लावावा, आणि दुकानात काम शिकणाऱ्या मुलांकडून तो पाठ करून घ्यावा.